डब्यातला हिशेब: रंग उद्योगाच्या शाश्वततेची मापे कशी घडली

मोठ्या रंग कंपन्यांच्या वार्षिक अहवालात आता शाश्वततेचे एक प्रकरण हमखास असते. त्यातले आलेख बहुधा उताराला लागलेले दिसतात. टनामागे कार्बन घटला, टनामागे पाणी घटले, लिटरमागे द्रावक, म्हणजे रंग पातळ ठेवणारा आणि वाळताना उडून जाणारा द्रव, घटले. हे आकडे खोटे असतात असे नाही. पण प्रत्येक आकड्याखाली एक छेद असतो, आणि त्या छेदात लिटर घ्यायचा, टन घ्यायचा की रंगवलेली भिंत, हे कुणीतरी कधीतरी ठरवलेले असते. ते ठरत गेले कसे, हे पाहिले की त्या आलेखांकडे बघण्याची नजर थोडी बदलते.

या उद्योगातले पहिले महत्त्वाचे माप विषबाधेचे होते. पांढऱ्या रंगासाठी शतकानुशतके शिशाचा सफेदा वापरत. तो रंगाऱ्यांना आजारी पाडतो हे जुनेच ज्ञान होते. १९०४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये जे. लॉकहार्ट गिब्सन या नेत्रतज्ज्ञाने लहान मुलांच्या विषबाधेचा माग घरांच्या कठड्यांवरच्या आणि भिंतींवरच्या रंगापर्यंत नेला. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जिनिव्हात सफेद्याविषयीचा करार संमत केला. इमारतींच्या आतल्या रंगकामात सफेदा नको, हा त्याचा गाभा. रंगद्रव्यात २ टक्क्यांपर्यंत शिसे चालेल, रेल्वे स्थानके आणि कारखान्यांना गरजेनुसार सूट, चित्रकारांना मोकळीक, अशा पळवाटाही होत्या. तरी त्यातले एक कलम आज वाचताना थबकायला होते. रंगाऱ्यांमधल्या शिशाच्या विषबाधेचे रुग्ण आणि मृत्यू या दोन्हींची आकडेवारी देशांनी गोळा करावी, असे ते सांगते. डब्यात काय आहे याच्या जोडीला माणसाचे काय झाले, हेही मोजायचे होते. पुढे हा दुसरा प्रश्न बराच मागे पडला आणि मोजमाप डब्यात शिरले ते तिथेच रमले.

शिशाची मर्यादा मात्र खाली येत गेली. अमेरिकेने १९७८ मध्ये घरगुती रंगांसाठी ०.०६ टक्के ठरवली आणि २००९ पासून ती ०.००९ टक्क्यांवर, म्हणजे दशलक्ष भागांत ९० भागांवर, आणली. संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या पुढाकाराने चालणारी जागतिक आघाडी आज हीच मर्यादा देशांपुढे ठेवते. ही टक्केवारी वाळलेल्या रंगाच्या वजनावर काढतात. ओल्या रंगावर काढली असती तर पाणी किंवा टर्पेंटाइन ओतून आकडा खाली आणता आला असता. इथे नियम करणाऱ्यांनी छेदाचे महत्त्व आधीच ओळखले होते.

सफेद्याची जागा टिटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याने घेतली. झाकण्याची ताकद अधिक आणि विषबाधा नाही, म्हणजे सोनेच. पण सल्फेट पद्धतीने, म्हणजे खनिज गंधकाम्लात विरघळवून, ते बनवताना आम्लयुक्त टाकाऊ द्रव मोठ्या प्रमाणात निघे आणि तो समुद्रात सोडला जाई. युरोपीय समुदायाला १९७८ मध्ये खास या एका उद्योगाच्या कचऱ्यासाठी निर्देश काढावा लागला. एका जागचे ओझे उतरले ते दुसरीकडे ठेवले गेले, आणि तिथे मोजणी सुरू व्हायला काही दशके गेली. हा क्रम पुढेही दिसतो.

मोजमापाचे खरे तंत्र घडले ते हवेच्या निमित्ताने. लॉस एंजेलिसवर दाटणारे धुके कशाचे, याचे उत्तर आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास शोधले. हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकत्र आली की ओझोन तयार होतो. वाहने मुख्य आरोपी होती, पण रंगातून उडून जाणारे द्रावकही त्यात होते. १९६६ मध्ये तिथल्या हवा नियंत्रण यंत्रणेने प्रसिद्ध ‘नियम ६६’ आणला. त्याची कल्पना हुशारीची होती: सगळी द्रावके सारखी नसतात, तेव्हा प्रकाशात जास्त क्रियाशील असतील त्यांनाच आळा घाला. उद्योगाने झटपट द्रावके बदलली. एकूण बाष्प फारसे घटले नाही, त्याची जात बदलली. मग लक्षात आले की कमी क्रियाशील द्रावके ओझोन बनवतातच, फक्त वेळ जास्त घेतात आणि वाऱ्याबरोबर दूर जाऊन बनवतात. १९७७ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशा अदलाबदलीपेक्षा एकूण वस्तुमान घटवण्यावर भर दिला. आणि गंमत अशी, की २००० मध्ये कॅलिफोर्नियाने स्प्रेच्या डब्यांतल्या रंगांसाठी क्रियाशीलतेचे माप पुन्हा आणले, या वेळी चांगल्या रसायनशास्त्रासह.

वस्तुमान मोजायचे ठरले तरी कसे मोजायचे हा प्रश्न उरलाच. अमेरिकेची ‘पद्धत २४’ ऐकायला अगदी सोपी आहे. ॲल्युमिनियमच्या छोट्या थाळीत अर्धा ग्रॅमच्या आसपास रंग घ्यायचा, ११० अंश सेल्सिअसला तासभर ठेवायचा आणि पुन्हा वजन करायचे. जे उडाले त्यातून पाणी आणि सूट मिळालेली द्रावके वजा करायची. उरले ते बाष्पनशील सेंद्रिय संयुग, म्हणजे रोजच्या भाषेतले व्हीओसी. द्रावकाच्या रंगाला ही पद्धत ठीक जमते. पाण्याच्या रंगात मात्र जे उडते ते बहुतेक पाणीच असते, आणि एका मोठ्या आकड्यातून दुसरा मोठा आकडा वजा करून चिमूटभर उत्तर काढावे लागते. पाणी मोजण्यात जराशी चूक झाली की उत्तराचा भरवसा राहत नाही. म्हणजे रंग जितका स्वच्छ होत गेला, तितकी त्याची स्वच्छता मोजणारी पट्टी निकामी होत गेली. पुढे वायू वर्णलेखनाच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून एकेक मोजण्याच्या, पद्धतींना महत्त्व आले त्यामागे हे एक कारण आहे.

त्यानंतर छेदाचा घोळ. समजा, एक लिटर रंगात अर्धा लिटर पाणी आहे आणि ५० ग्रॅम व्हीओसी आहे. युरोपच्या २००४ च्या निर्देशानुसार वापरायला तयार रंगाच्या लिटरमागे मोजतात, म्हणजे ५० ग्रॅम. अमेरिकेत भिंतीच्या रंगांसाठी पाणी वगळून उरलेल्या लिटरमागे मोजतात, म्हणजे १०० ग्रॅम. डबा तोच. पाणी वगळण्यामागचा हेतू रास्त आहे: नुसते पाणी वाढवून कुणी मर्यादेत बसू नये. पण दोन खंडांतले आकडे शेजारी ठेवून प्रगतीची तुलना करणाऱ्या तक्त्याला ही तळटीप नसेल, तर तो तक्ता निरुपयोगी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्याख्याही वेगळ्या. युरोपच्या त्या निर्देशात सामान्य दाबाला २५० अंशांपर्यंत उकळायला लागणारे सेंद्रिय संयुग व्हीओसी ठरते. अमेरिकेत प्रकाशरासायनिक क्रियेत भाग घेणारे ते व्हीओसी, आणि त्यातून सूट मिळालेल्यांची यादी. ॲसिटोनला अमेरिकेत १९९५ मध्ये सूट मिळाली. युरोपच्या हिशेबात ते मोजले जाते. उलट, पाण्याच्या रंगातले कण एकत्र जुळून सलग थर बसावा म्हणून घालतात ते काही सहायक द्रव २५० अंशांच्या किंचित वर उकळतात. युरोपात ते हिशेबाबाहेर, पण भिंतीतून सावकाश बाहेर पडायचे ते पडतातच. रेषा जिथे आखली तिच्या पलीकडे पाऊल ठेवणारी उत्पादने लवकर सापडतात.

तरीही या नियमांनी काम केले, हे मान्य करायला हवे. युरोपात आतल्या भिंतींच्या मॅट रंगासाठी पाण्याच्या प्रकारात २००७ पासून लिटरला ७५ ग्रॅम आणि २०१० पासून ३० ग्रॅम अशी मर्यादा आली. द्रावकाच्या प्रकाराला सुरुवातीला ४०० ग्रॅम होती, तिलाही २०१० मध्ये ३० वर आणले. म्हणजे त्या कामापुरता द्रावकाचा रंग जवळजवळ संपवलाच. अर्थात पाण्याचे इमल्शन रंग दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचच घराघरांत शिरू लागले होते, ते वास कमी, वाळायला झटपट आणि ब्रश नळाखाली धुता येतो म्हणून. या उद्योगातला सर्वांत मोठा पर्यावरणीय बदल कुठल्याही पर्यावरणीय मापाआधी सुरू झाला होता.

पाणी आले तसे डब्यात जिवाणूही आले, आणि त्यांना रोखायला परिरक्षके. पूर्वी पाऱ्याची संयुगे वापरत. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात नव्या रंगवलेल्या घरातल्या मुलाला पाऱ्याची विषबाधा झाली आणि पुढच्याच वर्षी आतल्या रंगांत पारा बंद झाला. त्यानंतर आयसोथायाझोलिनोन गटातली परिरक्षके सरसकट वापरात आली आणि त्वचेच्या ॲलर्जीची प्रकरणे वाढली. २०२० पासून युरोपात त्यातल्या एकासाठी, मिथाइलआयसोथायाझोलिनोन म्हणजे एमआयटीसाठी, दशलक्षात १५ भाग या पातळीपासून त्वचा-संवेदक, म्हणजे ॲलर्जी जडवणारे, म्हणून वर्गीकरण लागू झाले. व्हीओसीचा आलेख खाली जात असताना हा आलेख कुणी काढतच नव्हते.

समुद्रात हेच अधिक ठळकपणे घडले. जहाजाच्या तळाला शंखशिंपले चिकटू नयेत म्हणून ट्रायब्युटिल टिन या कथिलाच्या विषारी संयुगाचा लेप देत. तो इतका गुणकारी होता की जहाजाचे इंधन वाचे आणि पुढचे रंगकामही लांबणीवर पडे. फ्रान्सच्या आर्काशोंच्या खाडीत कालवांची पैदास कोसळली, तेव्हा कारण हाच लेप असल्याचे कळले. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर निर्बंध आणले, आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि तो लागू व्हायला २००८ उजाडले. नुसते इंधन मोजले असते तर हा लेप शाश्वत ठरला असता.

कारखान्याच्या पातळीवरची मोजणी वेगळ्या वाटेने आली. १९८५ मध्ये कॅनडातल्या रासायनिक उद्योगाने ‘रिस्पॉन्सिबल केअर’ हा स्वयंनियमनाचा उपक्रम सुरू केला, नव्वदच्या दशकात रंग उद्योगाने ‘कोटिंग्ज केअर’ नावाने आपली आवृत्ती काढली, आणि २००१ मध्ये हरितगृह वायूंचा हिशेब ठेवण्याचे ‘जीएचजी प्रोटोकॉल’ मानक आले. पण रंगाचा कारखाना हे मुख्यतः दळण्याचे आणि मिसळण्याचे ठिकाण. ऊर्जेचा मोठा वाटा आधीच खर्च झालेला असतो, रंगद्रव्य आणि राळ बनवताना. त्यामुळे कारखान्याच्या विजेचे टनामागचे आकडे सगळ्यांत छोटा तुकडा सगळ्यांत बारकाईने मोजत होते. २०११ मध्ये मूल्यसाखळीतल्या उत्सर्जनाचे, म्हणजे ‘स्कोप ३’चे, मानक आल्यावर खरा आकार दिसू लागला.

तोवर टन हे मापच चुकीचे आहे हेही जाणकारांना कळून चुकले होते. रंगात स्वस्त चुन्यासारखा भराव वाढवला तर टनामागचा कार्बन छान खाली येतो. पण झाकण कमी पडते आणि रंगारी दोनऐवजी तीन हात मारतो. आलेख सुधारतो, भिंतीवर रंग जास्त लागतो. म्हणून जीवनचक्र मूल्यमापनाने, म्हणजे कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतचा भार मोजणाऱ्या पद्धतीने, छेद बदलला: रंग विकायचा लिटरने, मोजायचा रंगवलेल्या पृष्ठभागाने आणि काळाने. अमेरिकेत २०१५ मध्ये इमारतींच्या रंगांसाठी अशा मूल्यमापनाचे जे नियम झाले त्यांत १ चौरस मीटर पृष्ठभाग ६० वर्षे झाकलेला आणि सुरक्षित ठेवणे हे एकक आहे. युरोपच्या २०१८ च्या नियमांत ५० वर्षे आहेत, आणि किमान ९८ टक्के अपारदर्शकतेची अट.

या एककात सगळा भार टिकाऊपणावर येतो. पाच वर्षांनी पुन्हा लावावा लागणारा रंग ६० वर्षांत बारा वेळा मोजला जातो, पंधरा वर्षे टिकणारा चार वेळा. पहिल्याचा कार्बन डब्यामागे निम्मा असला तरी तो हरतो. पण टिकणे ठरवायचे कुणी? प्रयोगशाळेत ओली भिंत घासून पाहता येते, कृत्रिम ऊन-पाऊस देता येतो. घरातला माणूस मात्र रंग खराब झाला म्हणूनच बदलतो असे नाही, कंटाळा आला म्हणूनही बदलतो. अमेरिकेच्या नियमांनी म्हणूनच दोन आयुष्ये मान्य केली, एक तांत्रिक आणि एक बाजारातल्या प्रत्यक्ष सवयीचे. कंपनी कुठले पुढे करते हे बघणे उद्बोधक असते. शिवाय विकलेला रंग सगळा भिंतीवर जात नाही. अमेरिकेतल्या अंदाजानुसार सुमारे १० टक्के डब्यातच उरतो. ऑरेगन राज्याने २००९ मध्ये उरलेला रंग परत घेण्याचा कायदा केला तोवर या उरलेल्या रंगाची जबाबदारी उत्पादकांवर नव्हती.

सर्वांत नवा वाद पोपड्यांचा आहे. बहुतेक रंगांचा बाइंडर, म्हणजे रंगद्रव्य भिंतीला धरून ठेवणारा घटक, हा प्लास्टिकच, तेव्हा झिजून सुटणारा कण हा सूक्ष्मप्लास्टिकच ठरतो. निसर्गसंवर्धनाचे काम करणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१७ च्या अहवालात समुद्रात जाणाऱ्या प्राथमिक सूक्ष्मप्लास्टिकमध्ये जहाजांच्या लेपांचा वाटा ४ टक्क्यांहून कमी आणि रस्त्यावरच्या पट्ट्यांचा ७ टक्के होता. इमारतींचा रंग त्यात वेगळा मोजलेलाच नव्हता. काही वर्षांत एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन या संस्थेने इमारती, पूल, वाहने सगळे धरून हिशेब मांडला, तर रंग हा सूक्ष्मप्लास्टिकच्या गळतीचा सर्वांत मोठा स्रोत निघाला. मधल्या काळात भिंती काही जास्त झडू लागल्या नव्हत्या.

युरोपीय संघाने २०२३ मध्ये सूक्ष्मप्लास्टिकवर निर्बंध आणले. वाळल्यावर सलग थर होणाऱ्या रंगांना त्यात बंदीतून सूट आहे, पण २०२७ पासून पर्यावरणात किती सुटते याचा अंदाज दरवर्षी कळवावा लागणार आहे. त्यात ब्रश धुताना नाल्यात जाणारा आणि डब्यासोबत फेकला जाणारा रंग येईल. वाळून भिंतीवर बसलेला थर मात्र कायद्याच्या व्याख्येत सूक्ष्मप्लास्टिक राहत नाही, त्यामुळे त्याचे पुढे वर्षानुवर्षे निघणारे पोपडे या अहवालात धरले जाणार नाहीत.