बीटी कपाशी आणि ‘कमला’ धान: एकच गोष्ट नव्हे

माझं घर यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीच्या पट्ट्यात. मामाचं गाव भंडारा जिल्ह्यात पवनीकडे, तिकडे सगळं धान. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जीन-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले आणि त्याच आठवड्यात मामाचा फोन आला. “भाच्या, आता धानातही बीटी आलं म्हणतात. ज्यानं अळी मरते ते पोरायले खाऊ घालायचं का?”

धानात बीटी आलेलं नाही. पण मामाची चूकही नाही. वीस वर्षांहून जास्त काळ आपल्याकडे ‘जीन बदललेलं बी’ म्हटलं की एकच चित्र डोळ्यासमोर येतं, कपाशीचं. त्यामुळे प्रयोगशाळेतून आलेलं प्रत्येक बी लोकांच्या बोलण्यात ‘बीटी’ होऊन जातं. काही जण तर साध्या संकरित बियाण्यालाही बीटी म्हणतात. संकर म्हणजे दोन झाडांचं लग्न. बाहेरचं जनुक बसवण्याशी किंवा जनुक बदलण्याशी त्याचा संबंध नाही, म्हणून तो विषय सध्या बाजूला ठेवतो.

आधी कपाशी. मातीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा एक जिवाणू असतो. बीटी हे त्याच्याच नावाचं लघुरूप. त्याच्या अंगी असं एक प्रथिन आहे की ते बोंडअळीच्या पोटात गेलं की आतड्याला भोकं पडतात आणि अळी खाणं सोडून मरते. हे प्रथिन तयार करण्याची कृती ज्या जनुकात लिहिलेली आहे, ते जनुक जिवाणूतून काढून कपाशीत बसवलं. कपाशीच्या घराण्यात ते कधीच नव्हतं. जिवाणूचं जनुक झाडात! ही झाली जनुकीय सुधारित, म्हणजे जीएम कपाशी. भारतात तिला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि २००६ पासून दोन जनुकांचं बियाणं आलं. माणसाच्या पोटात हे प्रथिन अळीसारखं काम करत नाही. अळीचं आतडं अल्कधर्मी असतं आणि प्रथिन जिथं चिकटतं ती जागाही तिथं असते. आपलं जठर आम्लाचं आहे आणि ती जागा आपल्याकडे नाही.

मग गुलाबी बोंडअळी का परत आली? २०१७ चा हंगाम आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. फुलाच्या पाकळ्या आतून गुंडाळून चिकटलेल्या, ती डोमकळी. ती उघडली की आत बारीकशी अळी. बोंड वरून हिरवंगार, आणि फोडलं की सरकी पोखरलेली, कापूस कवडीचा. ही अळी जवळजवळ कपाशीवरच जगते. एकच पीक, त्यात तेच विष, वर्षानुवर्षं. त्यात आपली कपाशी संकरित, म्हणून त्याच झाडावरच्या काही सरक्यांत बीटी जनुक उतरतच नाही. विषाचा मारा एकसारखा नसला की अळी सरावते. शिवाय फरदड घेऊन, म्हणजे वेचणी संपल्यावरही तीच कपाशी शेतात ठेवून, आपण तिला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खायला घालतो. बियाण्याच्या पाकिटासोबत पूर्वी १२० ग्रॅमची बिगर-बीटी पुडी यायची, कडेनं पेरायची. तिथं न सरावलेल्या अळ्या वाढाव्यात आणि सरावलेल्यांशी त्यांचा संकर होऊन सराव मोडावा, हा त्यामागचा हेतू. ती पुडी आमच्या धुऱ्यावर पडून राहिलेली मी पाहिली आहे. घरात ती कशासाठी आहे हे कोणी नीट सांगितलंच नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता मामाचं धान. ‘कमला’ म्हणजे डीआरआर धान १००, हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेनं सांबा मसुरीपासून केलेलं. दुसरं पुसा डीएसटी राइस १, दिल्लीच्या पुसा संस्थेचं. ते ज्या वाणापासून केलं तो एमटीयू १०१०, म्हणजे मामा ज्याला नुसतं ‘दहा-दहा’ म्हणतो तोच. दोन्हींत बाहेरचं जनुक ठेवलेलं नाही. जनुक म्हणजे जणू अक्षरांत लिहिलेला मजकूर; भाताचंच एक जनुक हेरून त्यातली काही अक्षरं बदलली किंवा काढली, इतकंच.

कमलात काय झालं ते पाहण्यासारखं आहे. भाताच्या रोपात दाणे वाढवणारं सायटोकायनिन नावाचं संप्रेरक असतं. ते मोडून टाकणारं एक जनुकही भातातच असतं. तेच निकामी केलं. मोडणारा हात थांबला, लोंबीत संप्रेरक साचलं, दाणे वाढले. संस्थेच्या सांगण्यानुसार उत्पादन १९ टक्क्यांपर्यंत जास्त आणि पीक सुमारे २० दिवस आधी तयार. या आकड्यांवर आक्षेपही घेतले गेले आहेत, म्हणून मी ते दावा म्हणूनच सांगतो. मात्र वीस दिवस खरोखर वाचले तर शेवटचं एक पाणी वाचेल आणि धानामागून पेरलेल्या लाखोरीला, म्हणजे लाखेच्या डाळीच्या पिकाला, ओल मिळेल. पुसा डीएसटीमध्ये पानावरची रंध्रं वाढवणारं जनुक बंद केलं. रंध्रं कमी, म्हणून पानातून पाणी कमी उडतं.

जनुकात असा बदल ज्या कात्रीनं करतात ती म्हणजे क्रिस्पर-कॅस९. ती शोधणाऱ्या इमॅन्युएल शार्पेंतिये आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कात्री ठरलेल्या जागी कापते, पेशी तो काप सांधते आणि सांधताना अक्षर इकडचं तिकडं होतं. एक गोष्ट लपवू नये: कापायचं काम करताना कात्रीचं जनुक रोपात घालावंच लागतं. पुढच्या पिढीत ज्या रोपांत ते उतरलेलं नाही तीच निवडून ठेवतात.

अशी अक्षरं निसर्गातही आपोआप बदलतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये पटेल ३ या धानाच्या पिकात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या ओळखल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं जपल्या आणि त्यातून एचएमटी हा धानाचा वाण उभा राहिला. बांधीत उभं राहून झालेला बदल नजरेनं हेरणं हे त्यांचं काम. क्रिस्परमध्ये कोणता बदल हवा ते आधी ठरवून तो घडवतात. मला या दोन्हींत जितकं नातं दिसतं तितकं कमला आणि बीटी कपाशीत दिसत नाही.

दवाखान्यातही हीच दोन वाटांची गोष्ट आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारानं पोखरलेली घरं आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडे किती आहेत! ८ डिसेंबर २०२३ या एकाच दिवशी अमेरिकेत त्यावरच्या दोन उपचारांना मान्यता मिळाली. लिफजेनियात विषाणूच्या मदतीनं नवं जनुक पेशीत घालतात. कॅसजेवीत रुग्णाचंच एक जनुक क्रिस्परनं ढिलं करून बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा चालू करतात. एक घालतो, एक आतलं बदलतो.

कायदाही हाच फरक धरून चालतो. ३० मार्च २०२२ रोजी केंद्रानं बाहेरचं जनुक नसलेल्या संपादित वाणांना जीएम पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली. बाहेरचं जनुक बसवलं तर संपादनानं केलेलं बीही जीएमच धरतात. आणि आपल्याकडे पाकिटांवर नाव-गाव नसलेलं जे ‘चोरबीटी’ फिरतं, ते तणनाशक सहन करणाऱ्या बाहेरच्या जनुकाचं, मान्यता नसलेलं जीएम आहे. ‘नवं संपादित बी’ म्हणून कोणी ते विकत असेल तर घेऊ नका.

मामाला मी आणखी एक सांगितलं. कमलात कीड मारणारं काहीच नाही. तुडतुडे येतील, खोडकिडा येईल, फवारणीचा हिशोब नेहमीसारखाच. आणि ते संकरित नाही, वाण आहे, तेव्हा घरचं बी ठेवता येईल.

“मग लावू का?” मामानं विचारलं.

बी हाती आलं की एका बांधीत कमला, शेजारच्या बांधीत नेहमीचं धान. रोवणी एकाच दिवशी, खत तेवढंच, आणि मळणीनंतर दोन्हींचं वजन वेगळं करायचं, असं ठरलं. मामीनं मागून आवाज दिला, “अन् भात शिजवून मी पाहीन.”