सॉ पामेटो : एक नाव, अनेक अर्क

प्रोस्टेटच्या निरुपद्रवी वाढीवर घेतल्या जाणाऱ्या वनस्पतिजन्य पूरकांत सॉ पामेटो सर्वाधिक अभ्यासले गेले आहे. फ्लोरिडा परिसरातील या ठेंगण्या ताडाच्या फळाला विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या अधिकृत औषधसंहितेत स्थान होते. पुढे ते गेले. १९९० मध्ये तेथील नियामकांनी या विकारासाठी चिठ्ठीविना मिळणारी औषधे परिणामकारक मानता येत नाहीत, असा निर्णय दिला. १९९४ च्या कायद्याने मात्र पूरकांना वेगळी वाट मिळाली. रोग बरा करण्याचा दावा न करता ‘प्रोस्टेटचे आरोग्य राखते’ एवढेच म्हटले, तर विक्रीपूर्वी परिणामकारकता सिद्ध करण्याचे बंधन उरले नाही. ‘प्रोस्टेटचे आरोग्य’ ही मोघम शब्दयोजना बाटल्यांवर रुळली, ती या सवलतीच्या आधारे.

१९९८ मध्ये १८ चाचण्यांतील २,९३९ पुरुषांच्या एकत्रित विश्लेषणाने लघवीच्या तक्रारी कमी होतात, असा अनुकूल कौल दिला. त्यातील बहुतेक चाचण्या अल्पकालीन होत्या आणि लक्षणे मोजण्याच्या पद्धतीही सारख्या नव्हत्या. २००६ मध्ये २२५ पुरुषांवर वर्षभर चाललेल्या चाचणीत अर्क आणि निष्क्रिय गोळी यांत फरक आढळला नाही. मात्रा कमी पडली असावी, ही शंका त्यानंतर पुढे आली. म्हणून २०११ च्या चाचणीत ३६९ पुरुषांना ७२ आठवड्यांत टप्प्याटप्प्याने तिप्पट, म्हणजे रोज ९६० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा देण्यात आली. लक्षणांचा गुणांक (तो जितका कमी, तितक्या तक्रारी कमी) अर्क घेणाऱ्यांत सुमारे २.२ ने उतरला. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत तो जवळजवळ ३ ने उतरला.

खरी गुंतागुंत ‘अर्क’ या शब्दात आहे. २००६ च्या चाचणीतील अर्क कार्बन डायऑक्साइडने काढलेला होता, २०११ च्या चाचणीतील इथेनॉलने. युरोपात डॉक्टर लिहून देतात तो प्रामुख्याने हेक्झेनने काढलेला. द्रावक बदलला की मेदाम्लांचे प्रमाण बदलते, तेव्हा एका अर्काचे अपयश दुसऱ्याच्या माथी मारू नये, हा हेक्झेन अर्काच्या समर्थकांचा आक्षेप रसायनशास्त्राच्या दृष्टीने रास्तच आहे. २०१५ मध्ये युरोपातील तज्ज्ञसमितीनेही हाच भेद मान्य करून हेक्झेन अर्काला ‘सुस्थापित वापर’ असा दर्जा दिला, तर इथेनॉल अर्काला केवळ ‘पारंपरिक वापर’ या वर्गात बसवले. या दुसऱ्या वर्गासाठी परिणामकारकतेचा चाचणीजन्य पुरावा लागत नाही; किमान ३० वर्षांचा वापर, त्यातील १५ वर्षे युरोपीय संघात, एवढे दाखवावे लागते.

तथापि हेक्झेन अर्काच्या बाजूने ज्या चाचणीचा वारंवार दाखला दिला जातो, तिच्याकडे पाहिले की हा निवाडा तितका भक्कम वाटत नाही. १९९६ च्या त्या चाचणीत १,०९८ पुरुषांवर सहा महिने अर्काची तुलना फिनास्टेराइड या प्रोस्टेटवाढीवरील औषधाशी झाली. लक्षणांतील सुधारणा जवळपास सारखी होती, परंतु ग्रंथीचा आकार फिनास्टेराइडने १८ टक्के घटला आणि अर्काने ६ टक्के. निष्क्रिय गोळी घेणारा गट तिच्यात नव्हता. नुसत्या निष्क्रिय गोळीने गुणांक ३ ने उतरू शकतो, हे २०११ मध्ये दिसले असताना ही उणीव किरकोळ म्हणता येत नाही.

२०२३ च्या २७ अभ्यासांच्या आढाव्याने एकट्या सॉ पामेटोचा लाभ नगण्य किंवा शून्य ठरवला. आपल्याकडील काही कॅप्सूलांत ते गोखरूसोबत येते आणि गोखरूची आयुर्वेदिक ओळख या परक्या फळालाही चिकटते. अर्क कोणत्या द्रावकाने काढला, हे मात्र वेष्टनावर क्वचितच छापलेले असते.