कपावर ‘कलोस’ कोरून घेण्याआधी

ग्रीक अक्षरांत ‘कलोस’ कोरलेला कप भेट द्यायचा आहे, असं कुणी म्हटलं की आम्ही आधी विचारतो, कप कोणासाठी? उत्तराप्रमाणे शब्दाचा शेवट बदलतो.

‘कलोस’ हे प्राचीन ग्रीक विशेषण. अर्थ सुंदर, देखणा. पण चांगला, उमदा, शोभून दिसणारा हेही त्यातच आलं. रूपाला आणि वागण्याला ग्रीक माणूस हाच शब्द वापरी. इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकांत अथेन्सच्या भांड्यांवर एखाद्या तरुणाचं नाव लिहून पुढे ‘कलोस’ लिहीत. ‘लेआग्रोस कलोस’, म्हणजे लेआग्रोस देखणा आहे, हे तर कितीतरी भांड्यांवर सापडतं. आम्हाला ही कल्पना तिथूनच सुचली.

आपण चांगला, चांगली, चांगलं म्हणतो, तसंच इथे पुरुषाला कलोस, स्त्रीला कले आणि नपुंसकलिंगी नामाला कलोन. अनेकवचनात कलोई, कलाई, कला. (हा ‘कला’ आपल्या कलेचा नव्हे.)

घोटाळा होतो तो नवरा-बायकोच्या कपांवर. मराठीत ‘ती दोघं चांगली’ म्हणताना आपण नपुंसकलिंग वापरतो. ग्रीकमध्ये पुरुष आणि स्त्री मिळून असली की पुल्लिंगी अनेकवचन, म्हणजे कलोई. आणि विशेषण वस्तूला लावायचं असेल तर लिंग ग्रीक नामाचं धरायचं. आपला कप पुल्लिंगी, पण पिण्याच्या पसरट पात्राचं ग्रीक नाव ‘क्युलिक्स’ स्त्रीलिंगी, म्हणून ते ‘कले’.

‘सर्वांत सुंदर’ हवं असेल तर कल्लिस्तोस, स्त्रीसाठी कल्लिस्ते. आज सांतोरिनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या थेरा बेटाचं जुनं नावही कल्लिस्तेच, असं प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. मुलीच्या वाढदिवसाला आम्हाला हे रूप फार आवडतं.

अक्षरांबद्दल एक गोष्ट. अथेन्सच्या जुन्या लिपीत ‘कले’च्या शेवटी एप्सिलॉन (Ε) हे अक्षर येई, नंतरच्या लिपीत एटा (Η) येतो. तुम्ही वेगळं सांगितलं नाहीत तर आम्ही एटा कोरतो, मोठ्या अक्षरांत आणि स्वराघाताच्या खुणांशिवाय.

कोरायचं काम माती अर्धवट वाळलेली असतानाच होतं. भट्टीतून निघालेल्या कपावरचं अक्षर बदलता येत नाही. म्हणून मागणी देताना नाव, स्त्री की पुरुष, एक की अनेक, एवढं लिहून द्या. कागदावरचा नमुना आधी तुमच्याकडे येईल. तुमचा होकार आल्यावरच आम्ही कोरणी हातात घेतो.