बोल्ट मोजून अ‍ॅक्सल निवडू नका राव

जुन्या शेवरोलेत मोठं व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) टाकायचं म्हटलं की कोणीतरी येऊन सांगतंच, मागे टेन-बोल्ट (कव्हरला १० बोल्ट असलेला मागचा अ‍ॅक्सल) आहे ना, मग फेकून दे, ट्वेल्व्ह-बोल्टच पाहिजे. हे वर्षानुवर्षं चालू आहे आणि अर्धवट आहे. कव्हरचे बोल्ट फक्त कव्हर धरतात, ताकद धरत नाहीत. डाना ६० या दणकट अ‍ॅक्सलच्या कव्हरलाही १० च बोल्ट, पण रिंग गिअर (अ‍ॅक्सलच्या आतलं मोठं दातेरी चाक) ९.७५ इंची, आणि फोर्डच्या ९ इंची अ‍ॅक्सलला तर मागे बोल्टवालं कव्हरच नसतं!

जीएमचा (म्हणजे शेवरोलेवाल्या जनरल मोटर्सचा) टेन-बोल्ट एक नाहीच मुळी, रिंग गिअरच्या मापाने ७.५, ८.२, ८.५ इंच असे वेगवेगळे येतात. ७.५ खरंच नाजूक, पण ८.५ ट्वेल्व्ह-बोल्टच्या ८.८७५ च्या बराच जवळ आहे. म्हणून आधी रिंग गिअरचा साइज बघा, मग अ‍ॅक्सल शाफ्टचे स्प्लाइन (टोकावरचे दाते), आणि सी-क्लिपवाला (शाफ्ट आतून सी आकाराच्या क्लिपने अडकवलेला) असेल तर शाफ्ट तुटल्यावर चाक बाहेर येऊ शकतं हेही डोक्यात ठेवा.

आणि नुसता हॉर्सपॉवर सांगू नका हो, ४०० पाउंड-फूटचं इंजिन, पहिला गिअर २.५, म्हणजे पिनियनवर (रिंग गिअर फिरवणाऱ्या छोट्या गिअरवर) १०००. साधे टायर घसरून सुटतात, ड्रॅग स्लिक (शर्यतीचे घट्ट पकड घेणारे गुळगुळीत टायर) लावून क्लच सोडला की सगळा झटका अ‍ॅक्सलवर.