‘दूध अंगाला लागत नाही’ म्हणजे नेमकं काय?

डिचोलीत कुणाच्याही बारशाला जा, पाळण्यापाशी एखादी आजी म्हणतेच, ‘पोर सुकलंय गो, तुझं दूध अंगाला लागत नाही त्याच्या.’ आई बिचारी रडकुंडीला.

खरं तर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतंच. अंगातलं जादा पाणी जातं, काळी शी पडते. तीन किलोचं बाळ पावणेतीनवर येणं नेहमीचं. साधारण दोन आठवड्यांत ते भरून निघतं. म्हणजे बारशाला बाळ जेमतेम जन्माच्या वजनावर परतलेलं असतं. १० टक्क्यांहून जास्त उतरलं, तर मात्र डॉक्टर गाठायचा.

पुढे शेजारच्या गुटगुटीत बाळाकडे नको, अंगणवाडीच्या कार्डाकडे बघा. त्यातले तक्ते जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मापांवर बेतलेत, आणि त्यासाठी मोजलेल्या बाळांत दिल्लीचीही होती. वजनाच्या एका ठिपक्याने काही कळत नाही. हिरव्या, म्हणजे ठीक वजनाच्या पट्ट्यात खालच्या अंगाला, पण चढत जाणारी रेघ चांगली. आडवी पडली की विचारायचं.

आणि आजींचं तिजान, म्हणजे नाचणीची पातळ खीर? उत्तमच, पण सहा महिने पुरे झाल्यावर.