ॲरोमॅटिक हायड्रोकार्बनांचे ऑक्सिजनविरहित अपघटन

पेट्रोल, डिझेल व डांबरातील बेंझीन, टोल्यूइन, झायलीन, नॅप्थॅलीन इ. ॲरोमॅटिक (कार्बन अणूंचे विशिष्ट स्थिर वलय असलेली) संयुगे ऑक्सिजन नसलेल्या मातीत व भूजलात सूक्ष्मजंतूंकडून मोडली जाण्याची क्रिया. एरवी श्वसनात ऑक्सिजन करतो ते इलेक्ट्रॉन स्वीकारण्याचे काम येथे नायट्रेट, मँगॅनीज, फेरिक लोह किंवा सल्फेट करते. यांपैकी काहीच नसल्यास गोबरगॅसच्या टाकीप्रमाणे मिथेननिर्मिती होते.

या ज्ञानाचा आरंभ कधीचा, याविषयी एकवाक्यता नाही. टार्विन व बझवेल यांनी १९३४ मध्ये बेंझॉइक अम्लापासून मिथेन मिळत असल्याचे दाखवले. परंतु त्या अम्लात मुळातच ऑक्सिजन असतो. म्हणून केवळ कार्बन-हायड्रोजनयुक्त संयुगांपुरता १९८० नंतरच्या दशकातला आरंभ अधिक ग्राह्य वाटतो. १९८६ मध्ये फोगेल व ग्रबिच-गालिच यांनी समस्थानिक-चिन्हित (वेगळ्या वजनाचा, ओळखता येणारा ऑक्सिजन असलेले) पाणी वापरून टोल्यूइन व बेंझीन यांच्या वलयात शिरणारा ऑक्सिजन पाण्यातून येतो, असे दाखवले.

टोल्यूइनाचा मार्ग सर्वाधिक परिचित आहे. थौएरा ॲरोमॅटिका या जंतूतील बेंझिलसक्सिनेट सिंथेज हे एंझाइम टोल्यूइनाच्या मिथिल गटाला फ्यूमरेट (पेशीतील एक लहान सेंद्रिय अम्ल) जोडून बेंझिलसक्सिनेट बनवते. एंझाइमावरील ग्लायसील मूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेला अतिक्रियाशील भाग) हवेचा संपर्क होताच नष्ट होते व प्रथिनाची साखळीही तुटते. पुढे बेंझॉइल-कोएंझाइम ए तयार होऊन वलयाचे क्षपण होते (त्याला इलेक्ट्रॉन मिळतात). त्यासाठी थौएरा एटीपी हा पेशीतील ऊर्जावाहक रेणू खर्च करतो. जिओबॅक्टर मेटॅलिरेड्यूसेन्स टंगस्टनयुक्त एंझाइम वापरून तो खर्च टाळतो.

बेंझिनाला पार्श्वगट (टोल्यूइनाच्या मिथिलसारखा वलयाला जोडलेला गट) नसल्याने वाद तेथेच आहे. पहिल्या पायरीत फिनॉल, टोल्यूइन की बेंझोएट तयार होते, याबाबत तीन मते आहेत. फिनॉल सापडले एवढ्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे, कारण लोहयुक्त संवर्धाचा (प्रयोगशाळेत वाढवलेल्या जंतूंचा) नमुना हवेत उघडला तरी फिनॉल आपोआप बनते. मात्र जिओबॅक्टर मेटॅलिरेड्यूसेन्समध्ये फिनॉलातील ऑक्सिजन पाण्यातून आल्याचा पुरावा मिळाल्याने त्या जंतूपुरते फिनॉलाचे मत टिकते. काही लोह-क्षपणकारी मिश्र संवर्धांत कार्बॉक्सिलीकरणाची, म्हणजे बेंझिनाला कार्बॉक्सिल गट जोडून बेंझोएट बनवण्याची, जनुके आढळली आहेत. सर्व जंतूंना एकच मार्ग लावण्याचा आग्रह सोडणे बरे.

खानदेशात विचार करावा लागतो तो दोन प्रकारच्या भूस्तरांचा : दख्खनचा बेसॉल्ट व तापी-पूर्णेचा जाड गाळ. बेसॉल्टात लोह पुष्कळ असले, तरी बहुतेक सिलिकेट खनिजांत अडकलेले असते. जंतूंना उपयोगी पडतात ती झिजलेल्या खडकातील फेरिक ऑक्साइडे. गाळाच्या चिकणमातीत हवा सहज शिरत नाही, त्यामुळे पेट्रोल पंपाच्या भूमिगत टाकीतून गळती झाल्यास भोवतालचा ऑक्सिजन लवकर संपतो. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात खतांतून उतरणारे नायट्रेट टोल्यूइनाच्या अपघटनास साहाय्यक ठरू शकते. बेंझीन मात्र नायट्रेटवर सहसा सावकाशच मोडते. शुद्धीकरणासाठी मुद्दाम नायट्रेट घालण्याची पद्धत अन्यत्र वापरली गेली आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिग्रॅ. ही नायट्रेटची मर्यादा असल्याने विहिरी-बोअरवर जगणाऱ्या गावांजवळ ती वापरणे इष्ट नाही.

बोअरच्या पाण्याचा वास कमी होणे हा अपघटनाचा पुरावा नव्हे. पावसाळी पुनर्भरणाने पाणी नुसते विरळ झालेले असू शकते. द्राव्य लोह वा मिथेन वाढणे हे त्याहून विश्वसनीय लक्षण आहे. वर सांगितलेल्या बेंझिलसक्सिनेटचे अम्लरूप, म्हणजे बेंझिलसक्सिनिक अम्ल, आढळल्यास टोल्यूइनापुरता पुरावा जवळजवळ निर्णायक मानतात.