मॅक्रो लेन्सची तुलना

वस्तूची सेन्सरवर पडणारी प्रतिमा तिच्या खऱ्या आकाराएवढी, म्हणजे १:१, मिळते ती मॅक्रो लेन्स, अशी आज सगळीकडे चालणारी व्याख्या. पण बऱ्याच जुन्या मॅक्रो लेन्स १:२ ला, म्हणजे निम्म्या आकाराला, थांबतात आणि काही झूमवर तर १:४ च्या आसपाससुद्धा मॅक्रो छापलेलं असतं, त्यामुळे तुलना करायला बसलात की नाव सोडा, आधी हे प्रमाण बघा.

पहिली मॅक्रो लेन्स कोणती यावर मतभेद आहेत. साधारणपणे हा मान लेन्स बनवणाऱ्या हाइन्झ किलफिटच्या ४० मिमी एफ/३.५ मॅक्रो-किलारला देतात, साल १९५५ (मिमीचा आकडा फोकल लेंथचा, म्हणजे लेन्स दूरचं किती जवळ आणते याचा; एफ/ चा आकडा अॅपर्चरचा, म्हणजे प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा, आकडा लहान तसं छिद्र मोठं). तिचे दोन प्रकार होते, ई १:२ पर्यंत जायचा आणि डी थेट १:१ पर्यंत. यावर एक आक्षेप असा की झाइस आणि लाइट्स या कंपन्यांची बेलोजवर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्यामधल्या लांबवता येणाऱ्या भात्यावर, लावायची छोटी भिंगं त्याआधीपासून वापरात होती, आणि १:१ च्या पुढची कामं त्यांच्यावरच व्हायची. दुसरा आक्षेप निकॉनच्या बाजूने येतो. १९५६ ची ५ सेंमी एफ/३.५ मायक्रो-निक्कॉर मायक्रोफिल्मच्या, म्हणजे कागदपत्रांचे बारीक फोटो काढण्याच्या, कामासाठी मुद्दाम जवळच्या अंतराला धरून बनवली होती, तर किलारची रचना चार भिंगांची, झाइसच्या जुन्या टेसार लेन्सच्या पद्धतीची, तशी नेहमीचीच. तरी वापरणाऱ्याच्या बाजूने किलफिटचा दावा जास्त पटतो, कारण लांबच्या डोंगरापासून १:१ पर्यंत एकच रिंग फिरवत जाता येणं हीच तर आजच्या मॅक्रो लेन्सची ओळख आहे. निकॉनची ५५ मिमी एसएलआरसाठी, म्हणजे लेन्समधूनच दृश्य बघायच्या कॅमेऱ्यांसाठी, १९६१ ला आली.

आता खरी तुलना. १:१ ला ५० मिमी काय आणि १८० मिमी काय, प्रतिमा तेवढीच मोठी येते, फरक पडतो तो लेन्सच्या पुढच्या टोकापासून वस्तूपर्यंतच्या अंतराचा. कंपन्या जे किमान फोकस अंतर देतात ते सेन्सरपासून मोजलेलं असतं, म्हणून कॅननच्या १०० मिमी एफ/२.८ एल ला ३० सेंमी लिहिलेलं असलं तरी टोकापुढे साधारण १३ सेंमीच उरतात, आणि लेन्स हूड लावला की त्यातूनही कमी होतात. फुलपाखरू, चतुर असल्या बुजऱ्या जिवांना १५० किंवा १८० मिमी बरी. नाणी, कागदपत्रं, स्टँडवरचं काम याला ६० मिमी पुरते. लांब फोकल लेंथला मागचा भाग कमी दिसतो, पार्श्वभूमी स्वच्छ राहते, हा फायदा वेगळाच.

अॅपर्चरबद्दल फार गोंधळ आहे. जवळ जाल तसा प्रकाश कमी होतो, ढोबळ हिशेबाने एफ/२.८ ची लेन्स १:१ ला एफ/५.६ सारखी वागते. निकॉनचे कॅमेरे हा बदललेला आकडा दाखवतात आणि कॅननचे मूळचाच दाखवत राहतात, त्यावरून निकॉनची लेन्स अंधारी असा निष्कर्ष काढणं चुकीचं आहे. डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे एका वेळी स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली, तर फुल फ्रेमवर (३६×२४ मिमी सेन्सरवर) १:१ आणि एफ/८ ला जेमतेम १ मिमी भरते आणि फोकल लेंथ बदलून ती वाढत नाही, हे नीट ध्यानात ठेवावं. एफ/२२ केलं तर डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, सगळंच मऊ पडतं, म्हणून लोक फोकस स्टॅकिंगकडे, म्हणजे वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करण्याकडे, वळतात.

हाताचा थरथराट सावरणारं स्टॅबिलायझेशन मॅक्रोला कमीच पुरतं. २००९ च्या कॅनन १०० मिमी एल मधल्या हायब्रिड आयएसचा (कॅननचं स्टॅबिलायझेशन) कंपनीचाच दावा साध्या अंतराला ४ स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येणं), १:१ ला २ स्टॉपचा. फ्लॅश असेल तर हा मुद्दा मागेच पडतो.

१:१ च्या पुढे कॅननची एमपी-ई ६५ मिमी आहे, १ पट ते ५ पट, पण मॅन्युअल फोकस आणि लांबचं काहीच दिसत नाही. लाओवाच्या ६० आणि १०० मिमी २ पटीपर्यंत जातात आणि लांबचंही टिपतात. २०२३ ची ओएम सिस्टिम ९० मिमीसुद्धा २ पट देते, तीही ऑटोफोकससकट.

शार्पनेसवरच सगळ्यात जास्त वाद घातला जातो आणि निवडीत तो सगळ्यात कमी कामाचा, कारण एफ/५.६ ते एफ/८ ला टॅमरॉन ९० मिमीपासून महागड्या लेन्सपर्यंत बहुतेक सगळ्याच उत्तम असतात.